पायाळूचा गूळ

बातमी मीच दिली होती. अकरा ओळींची. त्यातल्या दहा खऱ्या होत्या, अकरावी मी गंमत म्हणून टाकली.

नेरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याच खुर्चीत बसून मी एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहरही आहे. म्हणजे उद्घाटनं, निधनं आणि हरवलेल्या म्हशी एवढा माझा प्रांत. मेच्या सुरुवातीला मला पहिल्यांदा खरी बातमी मिळाली. पळसतांड्याच्या वर्षा किसनसिंग आडे हिची बल्गेरियातल्या एका उन्हाळी उत्खननासाठी विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून निवड झाली होती. दीड महिना ती तिथं अडीच हजार वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढणार होती. राहणं-जेवण तिकडचे देणार, तिकिटाचं शिष्यवृत्तीतून भागलेलं. सहा जूनला नेरहून निघणार.

आणि मग अकरावी ओळ: ‘विशेष म्हणजे वर्षा पायाळू आहे, त्यामुळे जमिनीखालचं तिला खोदायच्या आधीच दिसेल, असं तिचे वर्गमित्र गमतीनं म्हणतात.’

वर्गमित्र म्हणजे मीच. जागा कमी पडली म्हणून दैनिकाच्या ऑफिसात कुणीतरी ‘असं तिचे वर्गमित्र गमतीनं म्हणतात’ एवढं कापलं. राहिलं ते फोटोवर मथळा होऊन छापलं गेलं: ‘पायाळू वर्षाला दिसतं जमिनीखालचं!’

मी त्या दिवशी पेपरच्या पाच प्रती जास्त घेतल्या होत्या.

वर्षा आणि मी पाचवीपासून एका वर्गात. ती तांड्यावरून एसटीनं यायची, सगळ्यांच्या आधी. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आले अशी, हे शाळेला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि शाळेनं त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. आमच्याकडे पाठीत चमक भरली की पायाळू माणसानं पाठीला तीनदा डावा पाय लावायचा, दुखणं उतरतं. पी.टी.चे सर स्टाफरूममध्ये सतरंजीवर पालथे पडायचे आणि सातवीतली वर्षा, तोंड भिंतीकडे करून, सरांच्या पाठीला पाय लावायची. मग सर उठून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गूळ द्यावाच लागतो. नाही दिला तर दुखणं फिरून येतं म्हणतात. वर्षाच्या दप्तरात बारा महिने मुंग्या असायच्या.

दुसरी गोष्ट विजेची. पायाळूवर वीज पडते, हेही सगळ्यांना माहीत. आभाळ गडगडलं की वर्षाच्या बाकावरच्या दोघी गुपचूप उठून दुसरीकडे बसायच्या. तांड्यावर तिची आई जमनीबाई तिला आत घालून कडी लावायची. शाळेत तिला अख्खा बाक मिळायचा. त्या बाकावर बसून तिनं इतिहासाचं पुस्तक किती वेळा वाचलं, ते तिलाच ठाऊक. आम्ही खिडकीतून वीज बघायचो, ती पुस्तकात बघायची.

बारावीनंतर दोन उन्हाळे ती आईबापासोबत रोजगार हमीच्या तलावावर गेली. तिथं मातीच्या ढिगात तिला अर्धं काळं अर्धं लाल असं खापर सापडलं. ते घेऊन ती थेट नागपूरला पुरातत्त्वाच्या एका प्राध्यापकांकडे गेली, आणि तिकडचीच झाली.

बल्गेरियाचा फॉर्म माझ्याच दुकानात भरला. त्यात एक रकाना होता, खोदकामाचा अनुभव.

“काय लिहू?” मी विचारलं.

“हमीवर दोन उन्हाळे तलाव खोदला, ते लिही.”

“हे कोणी लिहिते का बे तिथं?”

“लिही नं. खोटं तं नाही.”

तिकडून उत्तर आलं की आलेल्या अर्जांमध्ये प्रत्यक्ष माती खोदलेली तू एकटीच आहेस. त्या दिवशी आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचे जमीरचाचा गॅरेजातून पाना हातात घेऊन बघायला आले.

त्याच आठवड्यात झेरॉक्सचं मशीन सरकवताना माझ्या पाठीत चमक भरली. मी दुकानातच पालथा झालो. वर्षानं चप्पल काढून तीनदा पाय लावला आणि हात पुढे केला.

“गूळ?”

“उद्या देतो.”

“पाहाजो हं. उधारीच्या गुळाले गुण नसते.”

चमक मात्र उतरली.

बातमी छापून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनला, एक माणूस दुकानात आला. ऊन असं की बसस्टँडवर कुत्रंसुद्धा नव्हतं. पन्नाशीचा, पांढरा कडक शर्ट. पंचेचाळीस डिग्रीत त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. टेबलावर त्यानं पेढ्यांचा पुडा ठेवला.

“साजिदभाऊ आपणच? बातमी फार छान दिलीत.”

माझ्या बातमीला कुणी छान म्हणायची ती पहिलीच वेळ. मी पंखा त्याच्याकडे वळवला.

“मुलगी नक्की पायाकडूनच जन्मली ना?”

“मग! पूर्ण शाळेच्या पाठी तिनंच सरळ केल्या.”

“उजवा पाय आधी की डावा?”

मी हसलो. “ते तिच्या आईला विचारा.”

“आईचं नाव?”

“जमनीबाई.”

“घर तांड्यात कुठं?”

“नायकाच्या घराला लागून. दारात निंब आहे.”

तो एकेक गोष्ट छोट्या वहीत लिहून घेत होता. मी दोन पेढे खाल्ले. चांगले होते.

तो गेल्यावर जमीरचाचा आले. चाचांचं बोलणं गाड्यांसारखंच, सुटे भाग दोन्हीकडचे. “किसको पता दिया रे तूने?”

“वाचक होता, चाचा.”

“वाचक? उसकी जीप का नंबर देखा? पुरा चिखल फासलेला. मई महिने में चिखल कहाँ मिला रे उसको? इधर प्यायला पानी नाही.”

मी बाहेर जाऊन पाहिलं. पांढरी जीप डांबरावरून हळूहळू तांड्याच्या फाट्याकडे वळत होती. नंबर वाचता येत नव्हता.

चार दिवसांनी वर्षाचा फोन आला. “बे पत्रकार, तांड्यावर ये.”

मी गेलो. निंबाखाली बाजेवर नवं हिरवं लुगडं, नारळ आणि पाच लिंबं ठेवलेली. कुणी हात लावलेला नव्हता. समोर जमनीबाई बसलेली, नजर लिंबांवरून न काढता. आत किसनसिंगकाका भिंतीला टेकून होते. एरवी मी आलो की गाईच्या दुधाचा चहा मांडायला लावणारा माणूस, त्या दिवशी ‘ये’सुद्धा म्हणाला नाही.

जमनीबाईनंच सांगितलं. पांढऱ्या जीपमधून तीन माणसं आली होती. त्यांचं म्हणणं, जुन्या काळी लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून इथून जायचे, त्यांनी वाटेत धन पुरून ठेवलं. एका शेतात ते आहे, पण जागा नेमकी सापडत नाही. तुमचीच पोरगी, तुमच्याच वाडवडलांचं धन. अमावस्येला तिनं शेतात एक तास नुसतं उभं राहायचं. परक्यांसाठी परदेशात जाऊन खोदते, मग आपल्या माणसांसाठी एक तास नको?

“मी हात जोडले,” आतून किसनसिंगकाका म्हणाले. “म्हणलं, पोरगी नाही येणार. ते हसले. म्हणे, घाई नाही काका, सहा तारखेलोक टाइम आहे.”

सहा तारीख. माझी दहावी ओळ.

“दोघं बोलत होते,” जमनीबाई म्हणाली. “तिसरा बोललाच नाही. माह्या पोरीच्या पायाकडे पाहे नुसता. जाईलोक पाय पाहे.”

वर्षा दारात उभी होती, अनवाणी.

“चप्पल?” मी विचारलं.

“आज सकाळी उठली तं डावी नव्हती,” ती म्हणाली. “उजवी आहे. मले दिसते नं जमिनीखालचं? मंग सांग, माही चप्पल कुठी गाडली असन त्यायनं?”

 मला हसायचीच सवय आहे, पण मी वाकून बाजेखाली चप्पल शोधू लागलो.

“तू लिहिलं, साजिद. आता तूच पुस,” वर्षा म्हणाली.

आम्ही ठाण्यात गेलो. त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली, असल्या प्रकारांवर कायदा आहे म्हणाले, गाडीचा नंबर आणा म्हणाले. नंबर कुठून आणणार? दैनिकात फोन केला की खुलासा छापा, वर्षा पायाळू नाही. तिकडून विचारलं, कशावरून? कोण सांगतं?

जमनीबाईला विचारलं, तर ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. “मले शुद्ध नव्हती बापू. तानाबाईले इचार.”

तानाबाई म्हणजे आसपासच्या बारा गावांची सुईण. नेरमध्ये सरकारी दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली तोवर या भागातलं प्रत्येक पोर तिच्या हातात पडलेलं. मीसुद्धा. आता तिचे डोळे गेलेत, आवाजावरून माणूस ओळखते. वर्षाला मागे बसवून मी तिच्या घरी गेलो.

“कोण, जमनीची?” तानाबाईनं हात लांब करून वर्षाचं डोकं चाचपलं. “हे डोकं माह्या ध्यानात आहे. हेच आलं होतं पयले. चांगलं गोल.”

वर्षा तशीच वाकलेली राहिली. “डोकं पयले?”

“डोकंच. नाळ कापली, रडली.”

“मंग पायाळू कोण म्हणलं?”

“म्या म्हणलं.” म्हातारीनं तोंड पुसलं. “तुह्या आधी दोन पोरी. तुही आजी दोन दिवस दाराशी बसून. तिसरी पोरगी झाली तं मायलेकी दोघीले माहेरी धाडून देतो म्हणे. म्या बाहेर आली अन् म्हणलं, पोरगी आहे पण पायाळू आहे, घरात धन येते. बुढीनं उठून ताट वाजवलं.”

“मंग सरायची पाठ?” मी विचारलं.

“ते पाठीले इचार.”

मला हसू आलं आणि लगेच गेलं. एका खोट्यानं जी पोर घरात राहिली, तेच खोटं आता पांढऱ्या जीपमध्ये बसून तिच्यामागे फिरत होतं. आणि ते पेपरात छापणारा तिच्या शेजारी उभा होता.

परतताना दारव्ह्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. थेंब नाही, नुसतं गडगडणं. सवयीनं मी गाडीचा वेग वाढवला.

“थांबव,” वर्षा म्हणाली.

“वेडी झाली का? आभाळ पाह्य.”

“तेच पाह्यचं आहे. थांबव.”

ती उतरली आणि रस्त्यालगतच्या नांगरलेल्या शेतात चालत गेली. पार मधोमध. आसपास एक झाड नाही. मी बांधावर उभा राहून तिला हाका मारत होतो, शिव्या देत होतो. दूर एक वीज चमकली, मग दुसरी, जरा जवळ. ती डोकं वर करून उभी होती. त्या तीन माणसांना नेमकं हेच हवं होतं, शेताच्या मधोमध उभी वर्षा, हे तेव्हाच माझ्या ध्यानात आलं आणि मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्ता रिकामा होता.

ती परत आली. “बावीस वर्षं मी दाराच्या फटीतून पाह्यलं,” एवढंच म्हणाली. 

फाट्याशी आल्यावर मी म्हणालो, “म्हणजे आता गूळ द्यायची गरज नाही.”

“काहून? पाय तं माहाच होता नं?”

खुलासा पाच ओळींचा छापून आला, सातव्या पानावर, शिकवणी वर्गाच्या जाहिरातीखाली. यावेळी मी फार जपून लिहिलं. गंमत नाही, विशेषणं नाहीत. ‘वर्षा आडे पायाळू नसल्याचं तिच्या जन्मावेळी उपस्थित असलेल्या सुईण तानाबाई यांनी स्पष्ट केलं आहे. परिसरातील बारा गावांतील बाळंतपणं त्यांनी केली आहेत.’ खाली तानाबाईच्या गावाचं नाव. पुरावा पक्का असावा म्हणून.

तरीही आम्ही सहा तारखेची वाट पाहिली नाही. चार जूनला सकाळी जमीरचाचांनी टेम्पोत जुने टायर भरले, टायरांच्या मधे वर्षाला बसवलं आणि वर ताडपत्री टाकली. बडनेऱ्यापर्यंत मी पुढे बसून आरशातच बघत होतो. मागे कुणी नव्हतं. स्टेशनवर ती बाहेर आली तेव्हा तोंडाला काळं लागलेलं, पायात उत्खननवाल्यांनी सांगितलेले जाडजूड बूट, पिशवीत चाचांनी गॅरेजातल्या जुन्या जीपच्या कमानपाट्यातून घडवून दिलेली, माती खरवडायची थापी.

“दिसते का काही जमिनीखाली?” मी विचारलं.

“रबर,” ती म्हणाली. मग हात पुढे केला. “गूळ?”

गूळ दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होता. गडबडीत राहिला होता.

“जुलैअखेर देतो. व्याजासकट.”

“पाहाजो,” ती म्हणाली आणि गाडीत चढली.

सहा जूनला सकाळपासून पांढरी जीप बसस्टँडवर उभी होती. नऊची एसटी गेली, अकराची गेली, दोनची गेली. जीप तिथंच. मला फार बरं वाटत होतं, काम जमल्यासारखं. चार वाजता तो कडक शर्टाचा माणूस दुकानात आला. आजही घाम नाही.

“मुलगी गेली वाटतं.”

“ती पायाळू नाहीच,” मी म्हणालो. “खुलासा वाचला नाही का?”

“वाचला ना. त्याचेच आभार मानायला आलो.” त्यानं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. “बारा गावची पोरं कुणाच्या हातची, ते आम्हाला कळतच नव्हतं. तुम्ही नाव-गाव सगळं दिलंत.”

तो निघून गेल्यावर मी शटर ओढलं. मग गाडी काढली.

मी पोचलो तेव्हा तानाबाई ओट्यावर बसलेली. शेजारी तसलाच पुडा, न उघडलेला.

“आले होते,” ती म्हणाली. “बारा गावात पायाळू पोरं कोणती, नावं सांग म्हणे.”

“तुम्ही काय म्हणाल्या?”

“म्हणलं, माह्या हातची समदी डोक्यानं आली. एकबी पायाळू नाही.”

“मानलं त्यांनी?”

“नाही. ‘आठवा सावकाश,’ म्हणे. फिरून येतो म्हणे.”

“खरंच आहेत का कुणी?”

तिनं पदराखाली बोटं मोजली. “सात.”

“कोण कोण? मला सांगा, मी घरोघर जाऊन सावध करतो.”

“तुले सांगू?” म्हातारी पहिल्यांदा हसली. “तू तं छापशील.”

मी पुन्हा नावं विचारली नाहीत. आजही विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. मी तानाबाईला मागे बसवतो, ती गाव सांगते. गावाच्या शिवेवर आलो की मला थांबवते, तोंड दुसरीकडे करून उभं राहायला लावते आणि काठी टेकत, कुणाचं तरी लहान पोर हाताशी धरून आत जाते. कोणत्या घरी गेली ते मला कळू देत नाही. तिथल्या आईच्या कानात काय सांगते, ते मात्र तिनं मला सांगितलंय: ‘तुह्यं पोर डोक्यानं आलं. कोणी इचारलं तं तेच सांगजो. पोरालेबी तेच सांगजो.’ बावीस वर्षांपूर्वी वर्षाला पायाळू करणारी बाई आता सात जणांना पायाळूपणातून सोडवत फिरते आहे, आणि मी बाभळीकडे तोंड करून उभा. सहा घरं झाली. सातवं लांब आहे, ढाणकीकडचं, मूल तिथं मामाकडे असतं. उद्या-परवा जायचं आहे.

वर्षाचा फोन येतो, तिच्याकडे दुपार असते तेव्हा. ती म्हणते, तिकडे थापीनं बोटभर माती खरवडायला अर्धा दिवस लावतात. हमीवर असं केलं असतं तर मेटनं हजेरी मांडली नसती. सोळा दिवस झाले, तिच्या खड्ड्यात मातीशिवाय काही निघालं नाही. “खरी पायाळू असती तं एव्हाना निघालं असतं,” म्हणते आणि हसते. गडगडलं की सगळे खड्ड्यातून पळतात आणि ही सगळ्यात शेवटी निघते, म्हणून तिला रोज बोलणी बसतात. ती आईचं विचारते, जीपचं विचारते. जीप दिसत नाही, असं मी सांगतो. ते खरंही आहे. इकडे पाऊस लागलाय, आणि आता सगळ्याच गाड्यांच्या नंबरवर चिखल आहे.

परवा सहाव्या घराहून परतताना एक पांढरी गाडी बराच वेळ मागे होती. तानाबाईला दिसत नाही, पण आवाज ऐकून तिनं माझा शर्ट मुठीत आवळला. “तीच का रे?” म्हणाली. नंबरवर चिखल होता. फाट्याशी ती गाडी वळली.

मंगळवारपासून माझी पाठ पुन्हा धरली आहे. तानाबाईला घेऊन खड्ड्यांतून गाडी चालवल्यानं असेल. ड्रॉवरमधल्या गुळाला मुंग्या लागल्यात. मी त्या झटकतो आणि खडा कागदात परत गुंडाळून ठेवतो. तो वर्षाचा आहे. अजून द्यायचा राहिला आहे.